मोजमापाला बसवलेला माणूस

आमचे भूशास्त्राचे सर कुणाच्याही घरी गेले की बैठकीच्या खोलीत थांबत नसत. चपला काढायच्या, "पाणी नको" म्हणायचं आणि थेट स्वयंपाकघरात शिरायचं. त्यांना ओटा बघायचा असायचा. एकदा कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं बिबवेवाडीत फ्लॅट घेतला म्हणून सरांना आणि आम्हा चार विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं होतं. पानं वाढली, सर गायब. मी शोधायला आत गेलो, तर सर शेगडी सरकवून, गळ्यातलं भिंग डोळ्याला लावून ओट्यावर जवळजवळ आडवे झालेले, आणि घरच्या वहिनी हातात लाटणं घेऊन शेजारी ताटकळत उभ्या.

"वहिनी," सर भिंगातूनच म्हणाले, "आपण पोळ्या कशावर लाटता, कल्पना आहे?"

"पोळपाटावर," वहिनी म्हणाल्या.

"त्याच्या खाली."

"ग्रॅनाइट आहे. दुकानदारानं सांगितलं."

"दुकानदार काय वाटेल ते सांगेल. हा नाइस आहे. दोन-तीनशे कोटी वर्षांचा सहज असेल. जरा सावकाश लाटा."

नाइस म्हणजे पट्टेरी दगड. ग्रॅनाइटसारखा खडक जमिनीत खोल जातो, तापतो, चेपला जातो, आणि त्यातले पांढरे-गुलाबी कण वेगळे, काळे कण वेगळे असे पट्टे पडतात. एवढं मला अजून पाठ आहे. परीक्षेत मी याहून जास्त कधी लिहिलंच नाही, त्यामुळे ताजं राहिलं.

सरांचं दुर्दैव असं, की हा नाइसवेडा माणूस पुण्यात जन्मला. पुणं बसलंय लाव्हाच्या काळ्या दगडावर, आणि त्या दगडाचं वय जेमतेम साडेसहा कोटी. सर त्याला दगड मानायलाच तयार नसत. "पुणेकरांना आपलं सगळं जुनं असल्याचा फार अभिमान," ते वर्गात म्हणायचे. "पायाखाली बघा जरा. कालचं पोर आहे." टेकडीवर फिरायला गेले तरी त्या बिचाऱ्या काळ्या कातळाकडे ते शेजारच्या वात्रट मुलाकडे बघावं तसं बघत.

म्हणून दर हिवाळ्यात ते आम्हाला घेऊन राजस्थानात अरवलीला जायचे. तिथल्या एका डोंगररांगेत पट्टेरी नाइस उघडा पडलाय आणि त्या नाइसमधून काळ्या दगडाची एक जाड रेघ मैलोन् मैल जाते. ही रेघ नाइसच्या बरोबरीची, की नंतर आलेली? एवढ्याच प्रश्नावर सरांची वीस वर्षं गेली होती. सर म्हणत, नंतरची. दिल्लीकडचे एक ज्येष्ठ विद्वान म्हणत, बरोबरीची. विद्वानांची बाजू भक्कम होती, कारण ती रेघ बघावी तिथं पट्ट्यांना समांतर, शहाण्यासारखी चाललेली. सरांचं म्हणणं, ती मुळात पट्ट्यांना कापत, तिरकी घुसली. पुढं सगळा डोंगर इतका चेपला गेला की ती बिचारी समांतर दिसायला लागली. पण कुठंतरी, एका तरी जागी ती तिरकी राहिलीच असणार. ती जागा सर शोधत होते.

कापणारा नंतरचा, हा नियम त्यांनी आम्हाला शिकवला तो मार्केट यार्डात. आंब्याचे दिवस होते. एका गाळ्यापुढं रांग होती, आणि एक गृहस्थ आमच्या नाकापुढं सरळ मधे घुसले. मागून आरडाओरडा सुरू झाला. सर दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"थांबा! यांना हाकलू नका. हे उदाहरण आहे." मग आमच्याकडे वळून, "सांगा, रांग आधीची की हे आधीचे?"

"रांग," आम्ही म्हणालो.

"कशावरून?"

"रांग नसती तर ते घुसले कशात असते?"

"शाब्बास. दगडातही तेवढंच असतं." मग त्या गृहस्थांना म्हणाले, "आपले आभार. आता मागे जा."

इथं एक सांगून ठेवतो. सर विद्यार्थ्यांना एरवी अरे-तुरे करत. चिडले की आदर वाढायचा. "आपण" म्हणाले की समजायचं, आता बस सुटली.

अठरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका सहलीत चौथ्या दिवशी दुपारी सरांना ती जागा सापडली. मी तेव्हा तिथं नव्हतो. पाण्याची बाटली मागच्या टेकाडावर विसरलो होतो, ती आणायला गेलो होतो. परत आलो तर सगळे टाळ्या वाजवत होते आणि सर चष्मा पुसत होते. काहीतरी सापडलं एवढं कळलं. सर समजावून सांगायला लागले, तेव्हा माझ्या बुटात बाभळीचा काटा गेला होता आणि मी तो काढत होतो. वीस वर्षांच्या शोधाचं सार मी अशा रीतीनं एका पायावर ऐकलं, म्हणजे नाहीच ऐकलं.

कातळाच्या एका पुढं आलेल्या कोपऱ्यावर, तळहाताएवढ्या जागेत, काळी रेघ पांढऱ्या पट्ट्यांना तिरकी कापून गेली होती. सरांनी खडूनं त्याभोवती गोल काढला. मग कॅमेरा काढला. तेव्हा फोनमध्ये धड फोटो येत नसत, आणि आले असते तरी सरांचा विश्वास रोलच्या कॅमेऱ्यावर. दगडाच्या फोटोत मोजमापाला काहीतरी ठेवतात, नाहीतर बघणाऱ्याला डोंगर आहे की ढेकूळ ते कळत नाही. लहान जागेला नाणं, मोठ्या जागेला हातोडा, अख्ख्या उताराला माणूस.

सरांना गोलासकट अख्खा उतार हवा होता. "तू जा रे," ते मला म्हणाले. "बस तिथं, मोजमापाला."

मी गेलो, बसायला सोयीचा कोपरा बघितला आणि बसलो. ऊन होतं, सरांची घाई होती, कॅमेऱ्याच्या चकत्या फिरवण्यात त्यांचं लक्ष. सात फोटो काढले. मी सातही फोटोंत हसलो. उठलो तेव्हा माझ्या पँटच्या मागे खडूचा पांढरा गोल उमटला होता. त्यावरून मित्र जेवणापर्यंत हसत होते. त्यातल्या एकाच्याही डोक्यात, तो गोल तिथं कुठून आला असेल, हा प्रश्न आला नाही. आम्ही त्या वर्षीचे हुशार विद्यार्थी होतो.

विद्वान त्या वेळी योगायोगानं उदयपुरात होते. सरांनी रात्रीच फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आणायला जीप घेऊन निघाले. निघण्याआधी कातळापाशी गेले, पुसट झालेला गोल पुन्हा ठसठशीत काढला आणि मला म्हणाले, "आम्ही येईपर्यंत तू इथंच थांब."

मी थांबलो. बाकीचे खालच्या ओढ्यात नमुने गोळा करत होते. दोन तास मी रिकामा बसलो आणि मला वाटायला लागलं, आपणही काहीतरी करून दाखवावं. आता गोष्ट अशी, की गेले चार दिवस सर खडूनं गोल काढायचे आणि आम्ही तिथं हातोडा चालवायचो. गोल म्हणजे इथला नमुना घ्या. समोर गोल होता. माझ्या हातात हातोडा होता.

सबंध शिक्षणात मला कधी नीट नमुना काढता आला नव्हता. एकतर हातोडा निसटायचा नाहीतर चुरा व्हायचा. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. तीन घाव. तिसऱ्याला सबंध कोपरा पडला, आणि पडता पडता बरोबर जोडावरच सुटला: काळा दगड एकीकडे, पांढरे पट्टे दुसरीकडे. मी दोन्ही तुकडे पिशवीत भरले, नंबर घातला, आणि सुपारीएवढा राहिलेला चुरा व्यवस्थित फुंकून टाकला. जागा अगदी स्वच्छ केली.

जीप आली. सर विद्वानांचा हात धरून चढ चढत होते, मधेच थांबून पुढं बोट दाखवत होते. जवळ आले. बघत राहिले.

"सर, नमुना घेतला," मी म्हणालो. "एकदम स्वच्छ निघाला."

सरांनी कातळावरून हात फिरवला. मग विद्वानांकडे वळून शांतपणे म्हणाले, "काल इथं होतं. आज माझ्या विद्यार्थ्याच्या पिशवीत आहे."

मी तुकडे काढून एकमेकांना लावून दाखवले. विद्वान सज्जन होते, पण विद्वान होते. म्हणाले, "दोन तुकडे शेजारी धरले की काहीही सिद्ध करता येतं. मला दगडात दाखवा."

"फोटो आहेत," सर म्हणाले.

सगळी आशा त्या रोलवर. पुण्याला आल्यावर रोल धुऊन आला तेव्हा सरांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो होतो. सरांनी सातही फोटो टेबलावर मांडले. अख्खा उतार स्वच्छ आलेला. पट्टे मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. आणि सातही फोटोंत, जिथं ती तळहाताएवढी जागा असायला हवी, बरोबर तिथं मी. बसलेलो. हसतोय.

सरांनी चष्मा काढला. "आपण," ते मला म्हणाले, "संगणकाचं काही शिकलात तर बरं होईल."

मी ऐकलं. हिंजवडीत नोकरी लागली, बरी चालली. सरांच्या घराकडे मात्र पुन्हा फिरकलो नाही. सरही बिबवेवाडीतच राहायचे, त्यामुळे तिकडून जायची वेळ आली की मी लांबून, वळसा घेऊन जायचो. त्या एका माणसाला चुकवण्यासाठी मी आजवर किती पेट्रोल जाळलं असेल, तो हिशेब नको.

आमच्या कंपनीच्या तळमजल्यावर लिफ्टसाठी सकाळी मोठी रांग लागते. गेल्या वर्षी एकदा असाच उभा होतो आणि कानात इअरफोनची बोंडं घातलेला एक तरुण माझ्यापुढं आरामात घुसला. पूर्वी मी भांडलो असतो. आता साहेब झालोय, म्हणून तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिलो. भिंतीला चकचकीत दगडाच्या मोठमोठ्या लाद्या आहेत. तीन वर्षं रोज त्यांच्यासमोर उभा राहून मी त्यात फक्त माझे केस बघत आलो होतो. त्या दिवशी दगड बघितला. गुलाबी-पांढरे पट्टे, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, सगळ्या पट्ट्यांना तिरकी कापत गेलेली जाड काळी रेघ.

लिफ्ट तीनदा आली आणि गेली. मी तिथंच. फोनवर फोटो काढला आणि रजा टाकून बिबवेवाडी गाठली.

दार काकूंनी उघडलं. सरांच्या पत्नी. त्या मला पूर्वी एकदाच भेटल्या होत्या. माझ्याकडे बघून त्या आत वळल्या आणि ओरडल्या, "अहो, तो बसलेला आलाय!"

मला अर्थ लागेना. आत गेलो आणि लागला. जेवणाच्या टेबलासमोर एका भिंतीवर बुद्धांचं शांत, मिटल्या डोळ्यांचं चित्र, आणि बरोबर समोरच्या भिंतीवर, चौकटीत, काचेआड, दात काढून हसत बसलेला मी. अठरा वर्षं या घरात माझ्यासमोर जेवणं झाली होती.

"सर, हे काढा ना," माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं. "शिक्षा पुरे झाली."

"शिक्षा कसली?" सर म्हणाले. थकले होते, आवाज तसाच. "ती जागा शाबूत असतानाचे सातच फोटो आहेत जगात, त्यातला हा. आपण उठायची वाट बघतोय."

काकू चहा टाकायला गेल्या. मी खाली मान घालून बसलो, म्हणजे पुन्हा बसलोच. सर म्हणाले, "आणि शटर कोणी दाबलं होतं? सात वेळा दाबलं. मी काय बघत होतो त्यातून? ते आठवावं म्हणूनही लावलाय."

मी फोन पुढं केला. त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून धरलं.

"पत्ता?"

"हिंजवडी, लिफ्टच्या उजवीकडे."

"दगडाचा पत्ता विचारतोय. कुठल्या डोंगरातला? पत्ता नसला तर ती नुसती फरशी."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीतून हिंजवडीला नेलं. पावणेदोन तास लागले. मी सिग्नलला चडफडत होतो. सर म्हणाले, "तो एवढी वर्षं थांबलाय, आणखी दोन सिग्नल थांबेल." दारातल्या रखवालदारानं वही पुढं सरकवली. गावातलाच माणूस, ज्याच्या रानात आता आमच्या इमारती उभ्या आहेत.

"कुनाला भेटायचं हाय, बाबा?"

"भिंतीला," सर म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यानं वहीत लिहिलं: भिंत. मग सर लादीसमोर गुडघे टेकून बसले, तेव्हा तोही येऊन वाकला. "आमच्या रानात असला दगुड न्हवता. भाईरचा हाय ह्यो."

"हे कळणारे तुम्ही या इमारतीतले पहिले," सर त्याला म्हणाले. माझ्याकडे मुद्दाम बघितलं नाही, तेवढी दया दाखवली.

दगडाचा पत्ता लागला तो बिबवेवाडीतच, घरापासून दहा मिनिटांवर. सर ज्या ग्रॅनाइटच्या दुकानदाराशी वीस-बावीस वर्षं भांडत आले होते, त्याच्याकडे. भांडण एकच: त्याच्या पाटीवर "उत्तम ग्रॅनाइट" असं होतं, आणि आत अर्धा माल नाइस. शेठनी फोनमधला फोटो बघितला आणि लगेच सांगितलं, कुठल्या खाणीचा ते. ती रेघ असलेला माल एकाच खाणीतून येतो आणि गिऱ्हाइकं तो नाकारतात म्हणून शेठना तो पक्का लक्षात. त्यांनी मागं उभी केलेली एक लादी फिरवून दाखवली. पाठीवर लाल रंगात खाणीची खूण होती.

"सर, आजवर माझा ग्रॅनाइट खोटा म्हणालात," शेठ म्हणाले. "आज पत्ता मात्र माझ्याकडेच मागताय."

सरांनी त्या पाटीकडे बघितलं. "पत्ता बरोबर निघाला तर पाटी राहू द्या."

खाण त्याच डोंगररांगेत होती. त्याच टेकाडाच्या मागच्या अंगाला, जिथं मी अठरा वर्षांपूर्वी बाटली विसरलो होतो तिथून हाकेच्या अंतरावर. तेव्हा तिथं नुसती झुडपं होती. गेल्या डिसेंबरात आम्ही गेलो. विद्वानांनाही कळवलं होतं. ते काठी टेकत, नातवाच्या खांद्याला धरून आले. खाणकामगारांनी डोंगराची भिंत तीन माणसांइतकी उंच सरळ कापली होती, आणि त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत ती काळी रेघ एकेक पट्टा छेदत गेली होती. तळहाताएवढी नव्हे, घराच्या दर्शनी भिंतीएवढी. दाखवायला बोटसुद्धा लागलं नाही.

विद्वानांनी जवळ जाऊन जोडावर नख फिरवलं. मग म्हणाले, "घुसलाय खरा."

"रांग आधी होती," सर म्हणाले. त्यांनी खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात दिला. "काढ गोल."

मी काढला. गोलाचा भोपळा झाला. माझ्याकडे हातोडा नाही याची सरांनी खिसे चाचपून खात्री करून घेतली. मग फोटो. मोजमापाला माणूस हवा होता. मी सवयीनं पुढं निघालो, तर सरांनी माझी कॉलर धरली.

"तू नाही. तू काढ फोटो." आणि विद्वानांकडे वळून, अत्यंत आदरानं, "आपण बसता का, मोजमापाला? इकडे. आणखी इकडे. हां, रेघ सोडून."

विद्वान हसले आणि बसले. मी फोटो काढला. सरांनी लगेच फोन हातात घेऊन बघितला, कारण माणूस शिकतो. फोटोच्या बरोबर मधोमध माझं गुलाबी बोट आलं होतं.

"बोट काढ, गाढवा," सर म्हणाले. इतकं बरं मला बढतीच्या पत्रानंही वाटलं नव्हतं.

दुसरा फोटो नीट आला. तो मोठा करून, चौकटीत घालून, मीच त्यांच्या घरी घेऊन गेलो. खिळाही मीच ठोकला. सर मागे उभे राहून हातोड्यावर नजर ठेवून होते. जुन्या फोटोशेजारी नवा लागला. दोन्ही एकाच डोंगराचे. एकात रेघ आहे आणि विद्वान बाजूला, दुसऱ्यात मी आहे आणि रेघ माझ्याखाली.

"आता तरी जुना काढू?" मी विचारलं आणि चौकटीला हात घातला.

सर ताटावर बसले होते. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या माझ्याकडे.

"राहू दे," ते म्हणाले. "आता बसलास तरी चालेल."